इंटेलिजन्स अ‍ॅनालिसिसचं पोस्ट ग्रॅज्युएशन ऑनलाइन करून खरंच काही येतं का?

तुम्ही धुळ्याचे, बीकॉम झालेले, आयबी किंवा रॉ या गुप्तचर संस्थांमध्ये जायची इच्छा, आणि परदेशी विद्यापीठाचा इंटेलिजन्स अ‍ॅनालिसिसचा, म्हणजे मिळालेली माहिती तपासून निष्कर्ष काढायचा, ऑनलाइन मास्टर्स करावा का हा प्रश्न. प्रश्न मी स्क्रोल करून पुढे गेले असते, पण आधीच्या एका उत्तरात कुणीतरी लिहून ठेवलंय की "ही विद्या घरात बसून येत नाही, त्याला मैदानात उतरावं लागतं." हे वाक्य आमच्या घरात प्रत्येक लग्नाच्या पंगतीला वाढलं जातं, म्हणून लिहिते.

नोकरीचं आधी उरकून टाकू. आयबीच्या एसीआयओ (सहाय्यक केंद्रीय गुप्तचर अधिकारी) परीक्षेला कुठल्याही शाखेची पदवी चालते, वयोमर्यादा २७, नियमाप्रमाणे सवलत. या मास्टर्समुळे तिथे एक मार्कही जास्त मिळत नाही. रॉची तशी जाहिरात निघत नाही, अधिकारी बहुतेक करून इतर सेवांमधून जातात. सीआयए डोक्यात असेल तर काढून टाका, तिथे अमेरिकन नागरिकच लागतो. परदेशी ऑनलाइन पदवीला आपल्याकडे अधिकृत समकक्षता सहसा मिळत नाही, म्हणजे सरकारी अर्जात तिचा उपयोग शून्य धरा. खाजगीत मात्र काम आहे: बँकांचे मनी लाँडरिंगविरोधी विभाग, सायबर थ्रेट इंटेलिजन्स (ऑनलाइन हल्ल्यांच्या धोक्यांचा अभ्यास), मोठ्या कंपन्यांचे सिक्युरिटी डेस्क. मी पुण्यात पहिल्या प्रकारात आहे. संशयास्पद व्यवहार चाळायचे आणि ज्यात दम आहे त्याचा अहवाल एफआययूकडे (अशा व्यवहारांची माहिती घेणारी केंद्र सरकारची यंत्रणा) जाईल असा लिहायचा.

आता मैदानाचं.

आम्ही चोपडा तालुक्यातले. वडिलांचे मोठे भाऊ, आमचे जिभाऊ, पोलीस खात्यात होते, बरीच वर्षं ठाण्यात गोपनीयचं काम पाहिलेलं. मोर्चा कधी निघणार, कुठल्या गल्लीत कुणाचं वाजलंय, सगळं त्यांना आधी कळायचं. मी ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठात ऑनलाइन प्रवेश घेतला तेव्हा ते चारचौघांत म्हणाले, "घरमा बशीसन कोनी हेर व्हस का?" सगळे हसले. तिथली घड्याळं आपल्यापुढे साडेचार-साडेपाच तास, त्यामुळे तिथला संध्याकाळचा वर्ग माझ्या दुपारच्या जेवणात यायचा. आई ताट आणून ठेवायची आणि विचारायची, अजून किती दिवस हे?

त्याच हिवाळ्यात आमच्या शिवारातल्या काही जणांची केळी एका व्यापाऱ्याने कापून नेली. पुढच्या तारखेचे चेक दिले. चेक वटले नाहीत, फोन बंद. दोन दिवसांत गावभर झालं की पैसे घेऊन सुरतला पळाला. आमचेही पैसे अडकलेले. ओट्यावर बैठक बसली आणि जिभाऊंनी निकाल दिला: तीन वेगवेगळ्या माणसांकडून पक्की खबर आहे, उद्या सकाळी ठाण्यात जाऊ, गुन्हा दाखल करू.

मी फक्त एवढंच केलं की त्या तिघांना जाऊन विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? पहिल्याला कृषी केंद्रवाल्याने. दुसऱ्याला पहिल्याने. तिसरा एसटीचा कंडक्टर, त्यालाही त्याच कृषी केंद्रावर कळलेलं. आणि कृषी केंद्रवाला, ज्याची उधारी त्या व्यापाऱ्याकडे थकली होती, तो मला म्हणाला, "ताई, मी म्हटलं सुरतलाच गेला असेल, त्याचे साडू तिकडे आहेत." 'गेला असेल'चं कंडक्टरपर्यंत पोहोचताना 'सुरतच्या स्टँडवर पाहिला' झालं होतं. तीन खबरा नव्हत्याच, एकच होती, आणि तीही अंदाज.

हे पहिल्याच सेमिस्टरला शिकवतात. माणसाला वेगळी श्रेणी द्यायची, ए ते एफ, आणि त्याने आणलेल्या माहितीला वेगळी, १ ते ६. जिभाऊ आयुष्यभर फक्त माणसाला श्रेणी देत आले: "तो पक्का आहे." पक्क्या माणसाच्या तोंडूनही सडकी खबर येते. आणि यात गावठी असं काही नाही. ५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांत इराकच्या फिरत्या जैविक प्रयोगशाळांचं जे चित्र उभं केलं, त्याचा मुख्य आधार 'कर्व्हबॉल' या टोपणनावाचा एक माणूस होता. तो जर्मनांच्या ताब्यातला, अमेरिकन अधिकाऱ्यांना त्याची थेट चौकशीसुद्धा करता आली नव्हती. पुढे ते सगळं खोटं निघालं.

मग रात्री वहीत तक्ता काढला. सीआयएमध्ये काम केलेल्या रिचर्ड्स ह्यूअर यांची पद्धत आहे: वर आडव्या ओळीत सगळ्या शक्यता, खाली एकेक पुरावा, आणि कुठला पुरावा कुठल्या शक्यतेला खोडतो ते बघायचं. जुळणारे पुरावे मोजत बसायचं नाही. माझ्या शक्यता अशा: पळाला, पुढच्या खरेदीदाराने त्याचेच पैसे अडवले, भागीदाराशी भांडण, आजारपण. पुरावा पहिला, फोन बंद. चारही रकान्यांत बसतो, म्हणजे कामाचा नाही, खोडला. गावात तर सगळे त्याच एका गोष्टीवर बोलत होते! दुसरा, जायच्या आधीच्या बाजाराच्या दिवशी त्याने कापणीवाल्या मजुरांचे पैसे रोख चुकते केले होते. पळणारा माणूस मजुरांना कशाला देईल? तिसरा, त्याचे नवे कोरे कॅरेट, म्हणजे माल भरायचे क्रेट, शेजारच्या बांधावर तसेच रचून ठेवलेले. 'पळाला'च्या खाली फुल्या पडत गेल्या.

उरल्या शक्यता वेगळ्या करेल असा एकच प्रश्न होता: शेवटची गाडी दिल्लीला आझादपूर मंडीत खाली झाली का, आणि पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, कुणाच्या हातात पडली? हे फक्त ड्रायव्हर सांगू शकत होता. ड्रायव्हरला गाठलं जिभाऊंनी. थंडीत माल काळा पडला, तिथल्या आडत्याने पट्टी दिलीच नाही, व्यापारी वसुलीला दिल्लीत ठाण मांडून बसलाय आणि इकडचे फोन नकोत म्हणून नंबर बंद. नंतर तो आला, होळीपर्यंत निम्मे पैसे दिले, बाकीचे अजून यायचेत.

तो खरंच पळाला असता तर आमच्या थांबण्याने नुकसान झालं असतं, हे मान्य. तक्ता खात्री देत नाही. आणि ड्रायव्हरशी ढाब्यावर बसून त्याला बोलतं करणं मला जमलं नसतं, ते कुठल्याही ऑनलाइन कोर्समध्ये शिकवत नाहीत. तेवढं मैदानवाल्यांचं बरोबर. पण कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम समितीनेसुद्धा माहिती मिळवण्यातल्या उणिवांबरोबर तिची छाननी आणि तिचे तुकडे जोडण्यातल्या उणिवा दाखवल्याच होत्या. ते जोडायचं काम टेबलावर बसूनच होतं.

तुमच्यासाठी: आयबीच हवी असेल तर पैसे वाचवा आणि परीक्षेचा अभ्यास करा, वय निघून जाईल. हा विषय शिकायचाच असेल तर गांधीनगरजवळचं राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ आधी बघा. खाजगी चालत असेल तर ऑनलाइन करा, पण पूर्ण मास्टर्सची फी एकदम भरू नका, आधी ग्रॅज्युएट सर्टिफिकेट (मास्टर्सच्या आधीचा छोटा कोर्स) घ्या, पुढे त्याचे क्रेडिट धरतात का ते लेखी विचारून. फी परकी चलनात असते, रुपया पडला की तुमचा हप्ता चढतो. इंग्रजी लिहिण्यात कच्चे असाल तर आधी तेच सुधारा, बहुतेक मार्क अहवालावर असतात.

आणि घरचे हसले तर हसू द्या. जिभाऊ अजून सगळ्यांना सांगतात की ड्रायव्हर त्यांनी शोधला. शोधला, खरं आहे. त्याला काय विचारायचं ते माझ्या वहीतल्या पानावर लिहून नेलं होतं, एवढं ते सांगत नाहीत.