प्रौढ फळमाशीतच जीन चालू करायचाय, आयुष्य मोजायचंय: जीनस्विच घेऊ की गॅल८०टीएस?

मी जीनस्विच घेईन, पण डोळे झाकून नाही. (दोन्ही म्हणजे हवा तेव्हा जीन चालू करायच्या पद्धती, पहिली औषधाने, दुसरी तापमानाने.)

नुसतं गॅल४-यूएएस (ब्रँड आणि पेरिमन, १९९३; गॅल४ हे प्रोटीन यूएएस ह्या डीएनएच्या तुकड्याला धरून त्यापुढचा जीन चालू करतं) इथे चालत नाही, कारण बरेचसे ड्रायव्हर (गॅल४ कुठल्या पेशींत बनायचं हे ठरवणाऱ्या लाइन्स) अळी असतानाच सुरू होतात, मग माशी लवकर मेली तर ती म्हातारपणामुळे की मुळात वाढतानाच काहीतरी बिघडलं होतं, कळायला मार्ग नाही. गॅल८०टीएस (गॅल४ ला थंडीत रोखून धरणारं प्रोटीन) लावलं की १८ अंशांना बंद, २९ ला चालू, मस्त चालतं, पण २९ ला माशा तशाही लवकर मरतात आणि त्याच जीनोटाइपचा 'बंद' ग्रुप ठेवायचा म्हटलं तर तो थंड ठेवावा लागतो, म्हणजे तुलनाच बोंबलली.

जीनस्विचमध्ये (२००१) गॅल४ चा डीएनए धरणारा भाग आणि माणसाच्या प्रोजेस्टेरॉन रिसेप्टरचा तुकडा जोडलेला असतो, खाण्यात आरयू४८६ घातलं की तो जागा होतो. एकाच क्रॉसमधल्या माशा, अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना ते ज्यात विरघळवतात ते नुसतं इथेनॉल, बाकी सगळं सेम. हाच त्याचा खरा फायदा. (आरयू४८६ म्हणजे मिफेप्रिस्टोन, गर्भपाताच्या गोळीतलं, तेव्हा ग्लोव्ह्ज घाला आणि लॅबमध्ये कोणी गरोदर असेल तर आधी सांगून ठेवा.)

आता गोची. हे औषध एकटंच मेटिंग झालेल्या माद्यांचं आयुष्य वाढवू शकतं, कारण मेटिंगमुळे होणारं नुकसान ते कमी करतं. म्हणजे तुमचा जीन काहीच करत नसला तरी ग्राफ झकास दिसेल! म्हणून यूएएस नसलेल्या, फक्त ड्रायव्हरवाल्या माशांनाही औषध द्यायचंच, ह्यात कंजुषी नको. शिवाय काही लाइन्स औषधाशिवायही गळतात (म्हणजे जीन थोडा चालूच राहतो), आणि माद्या नरांपेक्षा जास्त खातात म्हणजे डोसही जास्त जातो, त्यामुळे खरा क्रॉस लावायच्या आधी यूएएस-जीएफपीशी (जीन जिथे चालू तिथे हिरवं चमकणारं प्रोटीन) एक क्रॉस करून नर, मादी, तरुण, म्हातारी सगळं मायक्रोस्कोपखाली बघून घ्या, आतडं तर नक्कीच.

२०२२ मध्ये ऑक्सिनवाली (ऑक्सिन म्हणजे वनस्पतींचं हार्मोन, माशांना खाण्यातून देतात) एजेस सिस्टीम आलीये, ती गॅल८० लाच नष्ट करते त्यामुळे तुमच्याकडचे जुने गॅल४ ड्रायव्हर तसेच वापरता येतात, मोह होतो खरा. पण ऑक्सिनमुळे माशांचं खाणं आणि चरबीचा मेटाबोलिझम बिघडतो असं २०२३ मध्ये दाखवलंय, तेव्हा तुमचा जीन चरबी किंवा इन्सुलिनवाला असेल तर त्या वाटेला जाऊ नका.