फंक्शन ऑब्जेक्टला मराठीत काय म्हणावं? आधी चाळणी बघा

प्रश्न असा आहे. नागपुरातच पदविकेच्या पोरांची शिकवणी घेणाऱ्या एक मॅडम जावा आणि सी प्लस प्लस या प्रोग्रामिंगच्या भाषांच्या नोट्स मराठीत करताहेत. 'फंक्शन ऑब्जेक्ट'पाशी त्यांचं घोडं अडलं. भाषांतराच्या यंत्रानं एकदा 'कार्य वस्तू' दिलं, एकदा 'फलन पदार्थ'. एक विद्यार्थी म्हणाला, सरळ 'फंक्टर' लिहा. यातलं बरोबर कोणतं? आणि 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड'ला (ऑब्जेक्टभोवती प्रोग्राम रचण्याच्या पद्धतीला) 'वस्तुनिष्ठ' म्हटलेलं चालेल का?

मॅडम, 'कार्य वस्तू' वाचून मला रुखवत आठवलं. आपल्याकडे "घरी कार्य आहे" म्हणजे लग्न नाहीतर मुंज, आणि ते जिथे होतं ते कार्यालय. गंमत म्हणजे फंक्शनचंही तसंच. "रविवारी फंक्शन आहे" असं कोणी म्हटलं की साक्षगंधाचं जेवण डोळ्यांपुढे येतं. फंक्शनचा लॅटिन धातू 'पार पाडणं, बजावणं' या अर्थाचा. कामही पार पाडायचं आणि समारंभही, म्हणून दोन्ही भाषांत शब्द सारखाच घसरला. यंत्र अगदीच चुकलेलं नाही, पण वर्गात पोट्टे हसतील.

'फलन' हा गणितातला चांगला, रुळलेला शब्द आहे. मला तो इथे नको वाटतो त्याचं कारण वेगळं आहे, आणि ते सांगायला स्वयंपाकघरात जावं लागेल.

माझी आई उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरायची तेव्हा अंगणात तीन चाळण्या असायच्या: गव्हाची, रव्याची, पिठाची. शेजारच्या काकू कुंपणावरून हाक मारायच्या, "वहिनी, तुमची गव्हाची चाळणी द्या ना जरा." आता बघा, 'चाळणं' कोणाला उसनं देता येत नाही. ती क्रिया आहे. चाळणी देता येते. क्रियेला हातात धरता येईल असं रूप दिलं, की ती एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाऊ शकते. प्रोग्राममध्ये फंक्शन म्हणजे नेमून दिलेली क्रिया, ऑब्जेक्ट म्हणजे स्वतःची माहिती बाळगणारी वस्तू, आणि फंक्शन ऑब्जेक्ट म्हणजे नेमकं हेच: वस्तूचं रूप दिलेली क्रिया. जावात २०१४ च्या आठव्या आवृत्तीपर्यंत मेथड (जावातलं फंक्शन) नुसती उचलून दुसऱ्या मेथडला देण्याची सोय नव्हती. ती एखाद्या ऑब्जेक्टच्या पोटात घालून ते ऑब्जेक्ट द्यावं लागे. सी प्लस प्लसमध्ये क्लासमध्ये, म्हणजे ऑब्जेक्टच्या साच्यात, 'ऑपरेटर' आणि त्यापुढे गोल कंसांची रिकामी जोडी असं लिहिलं, की त्या क्लासचं ऑब्जेक्ट फंक्शनसारखं हाकता येतं. 'बारीक' नावाची चाळणी केली असेल तर 'बारीक(दाणा)' एवढं लिहायचं, दाणा राहिला की पडला ते कळतं.

आणखी एक. छिद्र केवढं, हे चाळणी घडवतानाच ठरतं. प्रत्येक दाण्याला ते नव्यानं सांगावं लागत नाही. क्लासचा कन्स्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट घडवणारा भाग, तेच करतो: एकाच क्लासमधून दोन मिलिमीटरची एक चाळणी करा, पाचाची दुसरी करा, दोघी आपापलं माप लक्षात ठेवतात. जुन्या सी भाषेत फंक्शनचा पत्ता देता येतो, पण पत्त्याला स्मरण नसतं. माप मग बाहेर कुठेतरी जागतिक व्हेरिएबलमध्ये टांगून ठेवा.

आता फलनाकडे. आईची पिठाची चाळणी दमट कणकेनं बुजायची. तेच पीठ, तीच चाळणी, पण दुसऱ्या खेपेला निम्मंच खाली पडायचं. गणितातलं फलन असं बुजत नाही, तीच संख्या दिली की तेच उत्तर. फंक्शन ऑब्जेक्ट मात्र स्वतःची अवस्था बाळगतं आणि ती बदलूही शकते. किती खडे निघाले ते मोजत जाणारी चाळणी लिहिता येते. (मी मोजणीची अशी एक चाळणी लिहून अख्खी दुपार घालवली आहे. सी प्लस प्लसचे अल्गोरिदम दिलेल्या ऑब्जेक्टची नक्कल घेतात, त्यामुळे सगळे खडे नकलेत मोजले गेले आणि माझ्या हातातल्या चाळणीवर शून्य. 'फॉर ईच' हा त्यातलाच अल्गोरिदम काम झाल्यावर ती नक्कल परत देतो, हे मला संध्याकाळी कळलं.) अशा बुजणाऱ्या, मोजणाऱ्या वस्तूला फलन म्हणणं मला पटत नाही.

शब्दाचा खरा मासला मराठीनं आधीच करून ठेवला आहे. चाळणे-चाळणी, गाळणे-गाळणी, किसणे-किसणी, फुंकणे-फुंकणी. '-णी' लावला की क्रियेचं साधन होतं. पण पेरणी, कापणी, मळणी, मोजणी यांत तोच '-णी' नुसती क्रिया सांगतो. मागे संस्कृतातला '-अन' आहे, आणि पाणिनीनं तो भाव (क्रिया) आणि करण (साधन) या दोन्ही अर्थांनी सांगितला आहे. 'लाटणं' तर कळस आहे: क्रियापद म्हणून वापरा, नाहीतर पोळपाटाशेजारी ठेवा, रूप एकच. (आमच्या घरी त्याला बेलणं म्हणत.) पायथन या भाषेत फंक्शन मुळातच ऑब्जेक्ट असतं, ते या लाटण्यासारखं. याच ओघात कोणी 'करणी' सुचवेल. गवंड्याची करणी हे हत्यारच आहे, तेव्हा व्याकरणाला हरकत नाही. पण "या क्लासनं करणी केली" असं फळ्यावर लिहिलंत तर दुसऱ्या दिवशी दाराला लिंबू-मिरची दिसेल.

'फंक्टर' नको. शब्द फार हातांतून गेला आहे. १९४५ मध्ये आयलेनबर्ग आणि मॅक लेन या गणितज्ञांनी तो तत्त्वज्ञ कार्नॅपकडून उचलून कॅटेगरी थिअरी या गणिताच्या शाखेत आणला. प्रोग्रामिंगच्या इतर भाषांत बघा: हॅस्केलमधला फंक्टर त्या गणिताच्या वळणाचा, एमएलमधला मॉड्यूलवर (प्रोग्रामच्या सुट्या भागांवर) काम करणारा, प्रोलॉगमधला आणखीनच निराळा. सी प्लस प्लसवाल्यांनी आपल्या चाळणीला तेच नाव दिलं. पोरगं उद्या हॅस्केल शिकायला गेलं तर गोंधळेल.

माझं मत 'क्रियावस्तू'ला. क्रिया जिच्यात भरली आहे अशी वस्तू, अर्थ पहिल्या वाचनात लागतो, आणि लग्नाची आठवण येत नाही. 'क्रियाकर्म'ची येते असं कोणी म्हणेल, पण 'क्रियापद' आपण रोज वापरतो, तेव्हा कोणी दचकत नाही. 'पदार्थ' मात्र जेवणाच्या ताटासाठी राहू द्या. ठरावीक क्रियावस्तूंची नावं ठेवताना '-णी' आणि '-णारा' हाताशी असू द्या. कंपॅरेटर, लॅम्डा हे शब्द आहेत तसेच ठेवा. कंपॅरेटर समजावताना कळमन्याच्या संत्र्यांचं उदाहरण द्या: ढीग लावायची रीत तीच, मोठं-लहान आकारावर ठरवायचं की वजनावर, एवढंच कंपॅरेटर सांगतो. लॅम्डाबद्दल, म्हणजे जिथल्या तिथे लिहिलेल्या बिननावाच्या फंक्शनबद्दल, एक ओळ जरूर टाका. सी प्लस प्लसमध्ये २०११ पासून तो लिहिता येतो, आणि कंपायलर (प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा) त्याची आतल्या आत बिननावाची क्रियावस्तूच करतो.

'वस्तुनिष्ठ' चालणार नाही. तो शब्द व्यक्तिनिष्ठच्या विरुद्ध पक्का बसला आहे, शिवाय परीक्षेतले चार पर्यायांचे प्रश्न वस्तुनिष्ठच असतात. 'वस्त्वभिमुख' बरोबर आहे, पण म्हणून दाखवा. 'वस्तुलक्षी' घ्या. 'पूर्वलक्षी प्रभावानं' हे थकबाकीच्या आदेशांमुळे घरोघरी माहीत आहे, त्याच वळणाचा शब्द आहे.

लिंगाचं विसरू नका. 'ते फंक्शन', 'ते ऑब्जेक्ट', पण 'ती क्रियावस्तू'. अनेकवचन वस्तूसारखंच, 'त्या क्रियावस्तू'. 'क्रियावस्तूज' कुठे राहून गेलं असेल तर छापण्याआधी काढा.