सौंदत्तीच्या डोंगरावरून समुद्रात जायचं म्हणतोस, तर

सौंदत्तीच्या पवनचक्क्यांवर हात बसलाय, आता समुद्रातल्या कामाकडे बघतोयस, चांगलं आहे. पण टर्बाइनच्या मागे लागू नकोस, आधी केबल समजून घे.

आपल्याकडे वीज वरच्या तारांनी सबस्टेशनला जाते, म्हणून एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा प्रवाह, निभावतं. समुद्राखालची केबल म्हणजे आत तांबं, बाहेर धातूचं आवरण, मध्ये इन्सुलेशन. सबंध केबलच एक लांबलचक कपॅसिटर, म्हणजे चार्ज साठवणारी वस्तू. एसीत ती सतत चार्ज-डिस्चार्ज होत राहते. वही घे आणि गणित कर. 220 केव्ही (किलोव्होल्ट), म्हणजे एका फेजला 127, 50 हर्ट्झ, किलोमीटरला 0.2 मायक्रोफॅरड धर. किलोमीटरमागे सुमारे 8 अँपिअर नुसता चार्जिंग करंट. 100 किलोमीटरला 800! मग खरी वीज न्यायला केबलीत जागा कितीशी उरणार? रिअॅक्टर (हा करंट भरून काढणारी कॉइल) लावून थोडं भागतं, फार लांबवर नाही.

म्हणून 66 केव्हीने वीज गोळा करून समुद्रातल्याच प्लॅटफॉर्मवर डीसी, म्हणजे एकाच दिशेचा प्रवाह, करतात; त्यात केबल पुन्हा पुन्हा चार्ज करावी लागत नाही. ब्रिटनजवळच्या डॉगर बँकेतून ती ±320 केव्हीने किनाऱ्यावर येते, तिथे पुन्हा एसी.

कन्व्हर्टर (एसीचं डीसी आणि उलट करणारं यंत्र) शिकताना थायरिस्टर या जुन्या स्विचपाशी अडकू नकोस. चंद्रपूर–पडघे डीसी लाईन त्यावरच चालते, पण त्याला दोन्ही टोकांना जिवंत ग्रिड लागतं. भर समुद्रात ते कुठून आणणार? तिथे आयजीबीटी या हवं तेव्हा चालू-बंद होणाऱ्या स्विचचा कन्व्हर्टर लागतो, त्याला व्हीएससी म्हणतात; तो व्होल्टेज स्वतः उभं करतो.

आणि जीडब्ल्यूओ या पवनऊर्जा कंपन्यांच्या जागतिक संस्थेचा समुद्री सेफ्टी कोर्स लागतोच. मलप्रभेत पोहलास म्हणून कोणी सोडणार नाही. पण नोकरी हातात येईपर्यंत पैसे भरू नकोस, प्रमाणपत्र 2 वर्षंच चालतं.