पक्के बिल हाती येईपर्यंत उरलेली रक्कम देऊ नये

दिल्लीच्या कला मेळ्यात एका चित्रदालनाने आपल्यासाठी चित्र राखून ठेवले, निम्मी रक्कम घेतली आणि सत्यतेचे प्रमाणपत्र मागाहून कुरिअरने पाठवतो असे सांगितले, असे आपण लिहिलेत आणि चित्र कोणाचे घ्यावे असेही विचारलेत; ते वाचून मला राहवले नाही. २०१४ साली मुंबईतल्या एका दालनाने मला हेच सांगितले होते.

एका ज्येष्ठ चित्रकाराचे तैलचित्र मी १,८०,००० रुपयांना घेतले. बिलावर ‘पेंटिंग, १ नग’ एवढेच लिहिले होते. चित्रकाराचे नाव, शीर्षक, माप, माध्यम, साल यांपैकी काहीही नव्हते. प्रमाणपत्रासाठी मी वर्षभर फोन केले, पुढे चित्रकार वारले आणि काही दिवसांनी दालनही बंद झाले. तरीही सर्वांत महागात पडलेली चूक माझीच होती. चित्र नागपुरात आणल्यावर सीताबर्डीत फ्रेम बदलायला दिले, तेव्हा मागचा पुठ्ठा जपून ठेवा असे मी सांगितले नाही आणि पाठीचा एक फोटोही काढला नाही. कारागिराने पुठ्ठा टाकून दिला आणि लाकडी चौकटीवरचे जुने प्रदर्शनाचे लेबल खरवडून काढले. आज तिथे वाळलेल्या खळीचा तपकिरी चौकोन आणि सालातले शेवटचे दोन आकडे उरले आहेत. २०२२ मध्ये मुलीच्या शिक्षणासाठी विकायला काढले, तेव्हा लिलाव करणाऱ्या संस्थेने मूळ बिल, प्रदर्शनाची नोंद आणि पाठीचे फोटो मागितले आणि शेवटी सौजन्याने नकार कळवला. चित्र खोटे आहे असे कोणीही म्हटलेले नाही. ते खरे आहे हे मला दाखवता येत नाही.

म्हणून उरलेली रक्कम देण्यापूर्वी दालनाच्या शिक्क्यानिशी पूर्ण तपशिलाचे बिल घ्यावे, त्यावर चित्राचा फोटो असावा आणि चित्रकार हयात असल्यास प्रमाणपत्रावर त्यांचीच सही मागावी. मी वकील किंवा करसल्लागार नाही, परंतु या बाबतीत संकोच करू नये असे माझे ठाम मत आहे.

कोणाचे चित्र घ्यावे, या प्रश्नावर माझे मत थोडे कडक आहे. नागपुरात १९२४ साली जन्मलेल्या चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचे १९७० चे चित्र २०२५ च्या लिलावात ६७ कोटींहून अधिक किमतीला गेले, याचा आपल्याला अभिमान वाटतो. पण त्यांनी मोजकीच चित्रे केली आणि ते २००१ साली गेले, त्यामुळे त्या आकड्यावरून आजच्या तिशीतल्या चित्रकाराची किंमत ठरवणे चुकीचे आहे. मेळ्यात गर्दी आणि घाई असते, तिथे फक्त पाहावे. कोचीच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात विक्री हा हेतूच नसतो, त्यामुळे एखाद्याचे काम तिथे निवांत पाहून मग त्याच्या कार्यशाळेत जावे. आपल्या नागपुरातल्या शासकीय चित्रकला महाविद्यालयाचे वार्षिक प्रदर्शनही चुकवू नये. पहिली खरेदी मी तिथूनच करायला हवी होती.

जाता जाता एक सूचना: चित्र कागदावरचे असेल, तर ज्या खोलीत कूलर चालतो तिथे ते लावू नये, कारण दमट हवेने दोन उन्हाळ्यांत बुरशीचे ठिपके येतात. आणि चित्र घरी आले की भिंतीवर चढवण्याआधी त्याच्या पाठीचे, चारही कोपऱ्यांसह, फोटो काढून ठेवावेत.