स्वस्तात दिसलेल्या पोकेमॉन कार्डाची लिंक संग्राहकांच्या ग्रुपवर कधी टाकावी?

लिलाव चालू असेल तर टाकू नका. आपल्यातलाच कोणीतरी त्यावर गुपचूप बोली लावत असतो; आणखी चौघे धावले की भुर्दंड त्यालाच. किंमत ठरलेली असेल आणि तुम्हाला कार्ड नको असेल, तर मात्र लगेच सांगा; ज्याच्या हव्या असलेल्या कार्डांच्या यादीत ते आहे त्याला सर्वांत आधी. सोबत शिपिंगसह एकूण किंमत, कार्डाची भाषा आणि मागच्या बाजूचा फोटो द्या, कारण कडा पांढऱ्या पडल्या असतील तर भाव निम्म्यावरही येतो. १९९९ च्या बेस सेटमधला (इंग्रजीतल्या पहिल्या संचातला) चारिझार्ड (कार्ड क्रमांक ४/१०२) असेल, तर चित्राखाली डावीकडे पहिल्या आवृत्तीचा शिक्का आहे का, तेही कळवा. आणि ‘घेतो’ म्हणणाऱ्याचा व्यवहार फिसकटेपर्यंत बाकीच्यांनी विक्रेत्याला मेसेज करू नये.