जर्मनीत मास्टर्स करताना खरंच संशोधन करायला मिळतं का, की नुसतं फुकट शिक्षण? आणि तिथलं कॅम्पस लाइफ कसं असतं?

प्रश्नातलं ते "नुसतं फुकट शिक्षण" वाचलं आणि लिहायला बसलो. एरवी मी इथे वाचून पुढे जाणारा माणूस.

मी मूळचा कोल्हापूरचा. वडिलांचं उद्यमनगरात छोटं मशीन शॉप, दोन लेथ आणि एक मिलिंग. मास्टर्स केलं पश्चिम जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच या तंत्रविद्यापीठातून, प्रॉडक्शन इंजिनिअरिंगमध्ये, आणि आता त्याच भागात नोकरी करतो. प्रवेशाचं पत्र आलं त्या आठवड्यात आमचे दाजी सुट्टीवर आले होते. दाजी टेक्सासचे एमएस. भलंमोठं कर्ज काढून केलेलं आणि इमानदारीत फेडलेलं. त्यांनी तांबड्या रश्श्यात भाकरी चुरता चुरता सगळ्यांसमोर विचारलं, "फी किती म्हणालास?" मी सांगितलं. ते आईकडे बघून म्हणाले, "फुकट ते पौष्टिक!" सगळी पंगत हसली. तो वाद अजून मिटलेला नाही. त्यामुळे या उत्तरात थोडे दाजी येणार, सांभाळून घ्या.

आधी त्या फुकटाचा हिशेब. आखेन ज्या राज्यात येतं त्या नॉर्थ राइन-वेस्टफालियाने २००६ पासून सेमिस्टरला ५०० युरोपर्यंत फी घ्यायची मुभा विद्यापीठांना दिली होती. पोरांनी आरडाओरडा केला, सरकार बदललं आणि २०११ मध्ये फी गेली. आज आखेनमध्ये सेमिस्टरला साधारण ३०० युरोच्या आसपास भरावे लागतात आणि त्यात प्रवासाचा पासही येतो. पण सगळी जर्मनी अशी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो आहेत. म्युनिकच्या टीयूएम या तंत्रविद्यापीठाने अशाच विद्यार्थ्यांना २०२४ च्या हिवाळी सेमिस्टरपासून मास्टर्सला ४,००० ते ६,००० युरो लावलेत, तेही दर सेमिस्टरला. शिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो दाखवायचे. ते तुमचेच असतात, महिन्याला ९९२ करून परत मिळतात, पण आधी उभे करावे लागतात. तेव्हा फुकट म्हणजे खिशात हात न घालता असं कुणी समजू नये. आणि जे फुकट आहे ते कुणाची मेहेरबानी म्हणून नाही, तिथला करदाता भरतोय. माणूस शिकून इथेच राहिला, कर भरू लागला की त्यांचे पैसे वसूल. मी भरतोय.

आता संशोधन. मिळतं, पण वर्गात बसून मिळत नाही. वर्गात तुम्हाला कुणी ओळखतही नाही. हजेरी बहुतेक ठिकाणी नसते, पाचशे पोरं हॉलमध्ये, प्राध्यापक येतो, बोलतो, पोरं बाकावर बोटांनी टकटक करतात (टाळ्यांच्या ऐवजी), तो जातो. परीक्षा शेवटी एकच. एकाच विषयात तीनदा नापास झालात की विद्यापीठातून नाव कमी, आणि तोच अभ्यासक्रम मग देशात दुसरीकडेही घेता येत नाही. हे एजंट सांगत नाहीत.

खरं काम चालतं प्राध्यापकाच्या इन्स्टिट्यूटमध्ये. इंजिनिअरिंगच्या एका मोठ्या इन्स्टिट्यूटमध्ये पीएचडी करणारेच कितीतरी असतात, आणि ते विद्यार्थी म्हणून नाही तर पगारी नोकर म्हणून. त्यांच्या हाताखाली आमच्यासारखे तासावर काम करणारे विद्यार्थी, ज्यांना सगळे हीवी म्हणतात. पैसा थोडा राज्याकडून, उरलेला केंद्रीय मंत्रालयं, डीएफजी (संशोधनाला पैसे देणारी राष्ट्रीय संस्था), युरोपीय संघ आणि कंपन्यांकडून. आखेनचं मशीन टूल्सचं इन्स्टिट्यूट वेत्सेटएल १९०६ पासून आहे, आणि शेजारीच फ्राउनहोफरचं प्रॉडक्शन टेक्नॉलॉजीचं इन्स्टिट्यूट. फ्राउनहोफर म्हणजे उद्योगासाठी संशोधन करणारी संस्था, आणि तिथले प्रमुख बहुतेक वेळा त्याच विद्यापीठाचे प्राध्यापकही असतात. म्हणून सकाळी शिकवलेला विषय संध्याकाळी मशीनवर दिसतो. निदान आमच्या शाखेत.

मला पहिल्या सेमिस्टरनंतर हीवीचं काम मिळालं. कुठल्या इन्स्टिट्यूटमध्ये ते सांगत नाही, पुढे कळेल का. प्रकल्प होता जेट इंजिनात वापरतात त्या निकेल मिश्रधातूच्या टर्निंगचा, म्हणजे लेथवर कापण्याचा. हा धातू टूल खातो. माझं काम काय, तर कार्बाइडचे इन्सर्ट (टूलच्या टोकाला बसवायचे धारेचे तुकडे) मायक्रोस्कोपखाली धरायचे आणि घासून घासून धारेखाली जो चकचकीत पट्टा तयार होतो त्याची रुंदी मोजायची. ०.३ मिलिमीटर झाली की ती धार मेली, नवी लावा. मोजा, नोंदवा, पुन्हा मोजा. डोळे पाणावतात, मान जाते. दाजींना हे फोनवर सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे हमालीच की."

झालं असं की काही आठवड्यांनी आकडे बिघडायला लागले. तीच स्पीड, तोच फीड, इन्सर्टचा तोच लॉट, आणि धारा आधीच्यापेक्षा कितीतरी लवकर मरतायत. जिच्या पीएचडीचं हे काम होतं तिने पुरवठादाराला पत्र लिहिलं, धातूची कांबी तपासायला पाठवली, स्पिंडलचं कंपन मोजून घेतलं. काही नाही. एका दुपारी मशीन थांबलेलं असताना मी कूलंट, म्हणजे कापताना धारेवर सोडतात ते तेल-पाण्याचं मिश्रण, बोटांत घेऊन चोळलं. वडिलांच्या शॉपमध्ये सोमवारी सकाळी पहिलं काम तेच असायचं. कूलंट दुधट दिसत होतं, पण बोटाला त्याचा बुळबुळीतपणा लागेना. नळाच्या पाण्यासारखं. मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये माइस्टरना म्हटलं, हे पातळ वाटतंय. माइस्टर म्हणजे वर्कशॉपचा मुख्य कारागीर. रीतसर परीक्षा देऊन झालेला असतो, आणि डॉक्टरेटवालेही त्याला विचारल्याशिवाय मशीनला हात लावत नाहीत. त्यांनी उत्तर दिलं नाही. कपाटातून रिफ्रॅक्टोमीटर (मिश्रणात तेल किती ते दाखवणारी नळी) काढला, काचेवर एक थेंब टाकला, उजेडाकडे धरून बघितलं आणि तसाच माझ्या हातात दिला. रेषा हवी त्याच्या निम्म्यावर होती. चिप्सबरोबर कूलंट वाहून जाऊन टाकीतली पातळी खाली गेली की कुणीतरी नुसतं साधं पाणी ओतत होतं. तेलच नाही म्हटल्यावर धार टिकणार कशी?

आता ज्यासाठी हे सगळं सांगतोय ते. कुणी ओतलं, याची चौकशी झाली नाही. तिने नोंदवही काढली, कूलंट शेवटचं कधी तपासलं होतं ती तारीख शोधली आणि त्यानंतरची सगळी मोजमापं लाल करून टाकली. सगळी. त्यात कित्येक आकडे ग्राफवर अगदी छान बसत होते, तेही गेले. पुढच्याच आठवड्यात कंपनीच्या लोकांसमोर सादरीकरण होतं. तिने पहिल्याच स्लाइडवर सांगितलं की एवढे आकडे बाद, कारण हे, पुन्हा करायला एवढा वेळ लागेल. कंपनीचा माणूस लिहून घेऊन म्हणाला, ठीक, तारीख द्या. प्राध्यापकांनी एवढंच विचारलं की पुन्हा होऊ नये म्हणून काय केलंत. तोवर माइस्टरनी टाकीवर तक्ता लटकवला होता: तारीख, रीडिंग, सही.

माझ्या इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला आमचे सर म्हणाले होते, "दोन पॉइंट बाहेर जातायत ना, मग ते घेऊच नका." कॉलेजचं नाव घेत नाही, अशी कॉलेजं ढिगाने आहेत. तुम्ही विचारलंत संशोधन मिळतं का. मला मिळालं ते हे: बसणारा आकडासुद्धा, विश्वास नसेल तर फेकायचा.

त्या कामाचा पेपर झाला. माझं नाव लेखकांत नाही, आभारात आहे. दाजींनी तोही मुद्दा सोडला नाही. पण दाजींनी स्वतः एकदा रंगात येऊन सांगितलंय की टेक्सासमध्ये दोन वर्षं फी भरून त्यांनी लॅबमधलं मोठं मशीन दाराच्या काचेतून बघितलं. मला तासाचे पैसे मिळत होते आणि मशीनच्या दरवाज्याची किल्ली माझ्याकडे होती. आता कोण हमाल?

इनोव्हेशनबद्दल बोलायचं तर दाजींचा दुसरा आवडता टोला असा की जर्मन लोक गुगल काढू शकले नाहीत. खरंय. पण आखेनमधून निघालेली स्ट्रीटस्कूटर घ्या. २०१० मध्ये विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी कंपनी काढली, इलेक्ट्रिक डिलिव्हरी गाडी बनवली, आणि २०१४ मध्ये डॉइचे पोस्टने कंपनीच विकत घेतली. मोठ्या कार कंपन्या तशी गाडी बनवायला तयार नव्हत्या म्हणून पोस्टाने स्वतः बनवली. त्या पिवळ्या गाड्या आजही आमच्या गल्लीत पार्सल टाकतात. पुढे पोस्टाला तो धंदा परवडला नाही, त्यांनी अंग काढून घेतलं. त्याच गोतावळ्यातून आलेली ई-गो ही छोट्या इलेक्ट्रिक कारची कंपनी तर दिवाळखोरीत गेली. माझं मत स्पष्ट आहे: इथे वस्तू उत्तम बनते, विकता येत नाही. विकायचं शिकायचं असेल तर दाजींच्या देशात जा.

एक कायदा मात्र माहीत असावा. २००२ पर्यंत प्राध्यापकाचा शोध प्राध्यापकाच्या मालकीचा असायचा. आता तो विद्यापीठाचा, आणि शोध लावणाऱ्याला उत्पन्नाच्या ३० टक्के. हीवी म्हणून करार असेल तर त्या कामात लागलेला शोध याच नियमात येतो. नुसते विद्यार्थी असाल तर शोध तुमचा. सही करताना वाचा.

कॅम्पस लाइफ. आपल्याकडे फाटक, वॉचमन, आत झाडं, कट्टा असं असतं तसलं काही नाही. १८७० सालचं विद्यापीठ आहे, इमारती शहरभर पसरल्यात. सुपर सी नावाची इंग्रजी सी अक्षराच्या आकाराची इमारत आहे, तिथे कागदपत्रांसाठी जायचं. हॉस्पिटलची इमारत बाहेरून पाइपच पाइप, नवा माणूस तिला केमिकल फॅक्टरी समजतो. मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, दुपारी स्वस्तात जेवण, चवीची अपेक्षा ठेवू नका, बटाटा मात्र कधी कमी पडत नाही. पोंटस्ट्रासे या रस्त्यावर संध्याकाळी पोरं बसलेली असतात, तोच कट्टा. रविवारी दुकानं बंद, म्हणून पोरं सायकल मारत शेजारच्या नेदरलँड्समधल्या फाल्सला जाऊन दूध-भाजी आणतात. देश ओलांडून कोथिंबीर, याची पहिल्यांदा फार गंमत वाटते. नोव्हेंबरात पाच वाजताच अंधारून येतं, तेव्हा गंमत संपते. गणपती आम्ही बसवायचो, मोदकाला गुळही मिळायचा. खोली मिळणं हा मात्र वेगळाच छळ आहे. विद्यार्थी वसतिगृहासाठी प्रवेशाची वाट न बघता अर्ज टाका.

हात काळे करायचे असतील तर फॉर्म्युला स्टुडंटची टीम आहे, एकुरी एक्स. रेसकार स्वतः बनवतात, रात्र रात्र जागतात. आमच्यातला एक तिथे गेला आणि वर्षभर कुणाला दिसलाच नाही.

जर्मन भाषा येत नसेल तर मास्टर्स होईल, डिग्रीही मिळेल, पण वर्कशॉपमध्ये तुम्हाला कुणी घेणार नाही. माइस्टर इंग्रजी बोलत नाहीत आणि बोलायची त्यांना गरजही नाही. जर्मनची बी१ ही मधली पातळी आधी करून या.

आता दाजींची ताजी खबर. माझ्या भाच्याला जर्मनीच हवी होती. दाजींनी पुण्यातल्या एजंटामार्फत बर्लिनच्या एका खाजगी संस्थेत, भरपूर फी भरून, प्रवेश घेऊन दिला. का, तर फी आहे म्हणजे दर्जा असणार. जर्मनीत नेमकं उलटं आहे हो! सरकारी विद्यापीठात प्रवेश अवघड, आणि लॅब तिथेच. खाजगीत अनेकदा ऑफिसच्या दोन मजल्यांवर कॉलेज चालतं. सगळ्याच खाजगी वाईट नाहीत, काही नावाजलेल्याही आहेत, पण मेकॅनिकलच्या पोराने पैसे मोजून लेथ नसलेल्या ठिकाणी का जावं? संस्थेला सरकारी मान्यता आहे का ते होखशूलकोम्पास या वेबसाइटवर दिसतं, पाच मिनिटांचं काम आहे. मी दाजींना लिंक पाठवली होती. निळी टिक आली, उत्तर नाही.

आणि हो, हे सगळं मी मेकॅनिकल-प्रॉडक्शनच्या खिडकीतून सांगितलंय. कम्प्युटर सायन्स, बायोटेक, आर्ट्सवाल्यांचं चित्र वेगळं. बायोटेक, आर्ट्समध्ये पीएचडीला बरेचदा पूर्ण पगाराचा करार मिळत नाही. हीवी सगळ्यांना मिळतेच असं नाही, माझ्या बॅचमधल्या कितीतरी जणांनी पिझ्झा पोचवून दोन वर्षं काढली. मास्टर्सला दोनऐवजी तीन वर्षं लागणं इथे नेहमीचं आहे, तेवढे पैसे धरून चला. एपीएसचं (पदवीची कागदपत्रं तपासणारं जर्मन दूतावासाचं केंद्र) प्रमाणपत्र २०२२ च्या शेवटापासून भारतीयांना लागतं, ते सगळ्यात आधी काढा. तुमची शाखा कोणती ते प्रश्नात नाही, लिहिलंत तर कुठल्या इन्स्टिट्यूटला थेट मेल टाकायचा ते सांगेन.