संसर्गजन्य रोगांपासून देशाचं संरक्षण करणाऱ्या संस्था कोणत्या? पुण्याची एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) सोडली तर बाकीच्या फक्त कागदावर आहेत का? आणि मुलीला या क्षेत्रात जायचं असेल तर काय करावं?

प्रश्नातल्या मधल्या वाक्यासाठी हे उत्तर लिहायला बसलोय. मी पशुवैद्यक. माझा चुलतभाऊ एमडी आहे आणि हे वाक्य मला दर दिवाळीला फराळाबरोबर मिळतं.

एनआयव्ही मोठीच आहे, त्यात वाद नाही. १९५२ची संस्था. १९५७ साली शिमोग्याकडे क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली, तेव्हा तो नवा विषाणू याच संस्थेच्या लोकांनी शोधला. निपाह, झिका, कोरोना सगळ्यांना ठाऊक आहे. पण कोंबड्या-बदकांत, गाईगुरांत रोग आधी उगवतो तेव्हा खात्रीसाठी नमुना जातो कुठे? भोपाळला. तिथे निशाद नावाची आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) जनावरांच्या रोगांची संस्था आहे, पूर्वी तिला हाय सिक्युरिटी लॅब म्हणायचे. आत हवेचा दाब बाहेरपेक्षा कमी ठेवतात म्हणजे हवा बाहेर पडत नाही, माणूस अंघोळ केल्याशिवाय बाहेर येत नाही आणि सांडपाणीसुद्धा निर्जंतुक करूनच सोडतात. ही कागदावरची संस्था!

२००६च्या फेब्रुवारीत मी नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला होतो. नोकरीत नवा होतो, शेजारच्या जिल्ह्यातून ड्युटी लागली. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये, आणि गावाभोवती अंड्यांच्या कोंबड्यांच्या शेडच शेड. मरतूक आधीपासून सुरू होती. फार्मवाले म्हणायचे, मानमोडी (कोंबड्यांचा राणीखेत रोग) आहे, येते आणि जाते. आता शेडमध्ये नुसतं उभं राहून मानमोडी आणि बर्ड फ्लू वेगळे ओळखून दाखवणारा मला अजून भेटायचाय. डोकं सुजलेलं, हिरवट हगवण, सकाळी जाऊन बघावं तर पिंजऱ्यांची रांगच्या रांग आडवी. दोन्हीत हेच. म्हणून घशातले आणि गुदद्वारातले स्वॅब घ्यायचे, बर्फाच्या पेटीत सील करायचे आणि भोपाळला पाठवायचे. तिथे पीसीआर होतं, शिवाय पिल्लू वाढत असलेल्या अंड्यात नमुना टोचून विषाणू वाढतो का ते बघतात. १८ फेब्रुवारीला जाहीर झालं, एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूच. देशातला पहिला.

पुढचं काम आमचं. पांढरा किट, दुहेरी हातमोजे, गमबूट. गॉगलवर आतून वाफ धरायची आणि ती पुसायला हात लावायची मनाई. पिंजऱ्यातून पक्षी ओढायचा, मान पिरगाळायची, पोत्यात टाकायचा. जेसीबीने खणलेल्या खड्ड्यात पोती, वर चुना, वर माती. अंड्यांचे ट्रे आणि खाद्याची पोतीसुद्धा त्यातच. एक शेडवाला मागे मागे फिरत होता, "साहेब, या लाईनीतल्या बघा ना, खातायत, पितायत." खरंच खात होत्या. त्याही मारल्या, कारण तीन किलोमीटरच्या आतलं काही ठेवायचं नव्हतं. त्याला काय सांगणार? संध्याकाळी रांगेत उभं करून टॅमिफ्लूची (फ्लूवरच्या औषधाची) गोळी द्यायचे आणि गिळेपर्यंत समोरून हलायचे नाहीत.

रात्री भावाचा फोन. "एवढं शिकून कोंबड्या मारतोस?" मी म्हटलं, मी मारतोय म्हणून तुझा वॉर्ड रिकामा आहे. त्याला ते अजून पटलेलं नाही. माणसांचे नमुने पुण्याला गेले, एकही पॉझिटिव्ह निघाला नाही, आणि भावाच्या मते याचा अर्थ एवढाच की धोका मुळात नव्हताच! रोग आला नाही की बंदोबस्त करणाऱ्याला कोणी विचारत नाही, ही आमच्या खात्याची जुनीच रड आहे.

बरं, नवापूर एकदाच झालं असंही नाही. २०२१मध्ये त्याच भागात पुन्हा बर्ड फ्लू आला. २०२४च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, भोपाळचा अहवाल आला तेव्हा तोही बर्ड फ्लूच निघाला. वाघाला झाला म्हटल्यावर चार दिवस चॅनेलवाल्यांना पशुवैद्यक आठवले.

बाकीच्या संस्था थोडक्यात. ग्वाल्हेरची डीआरडीई ही डीआरडीओची, म्हणजे संरक्षण खात्याच्या संशोधन संघटनेची प्रयोगशाळा आहे, रासायनिक-जैविक हल्ल्यांपासून संरक्षण हे तिचं काम. गोचीड-डास दूर ठेवणारं डेपा नावाचं औषध तिथलंच. दिल्लीची एनसीडीसी (राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र) साथीच्या पाळतीचं जाळं सांभाळते, त्यात गावच्या आरोग्य केंद्राचा रिपोर्टही येतो. गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या लम्पीची देशी लस हिसारच्या अश्व संशोधन केंद्राने बरेलीच्या आयव्हीआरआयबरोबर (भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था) तयार केली (घोड्यांच्या संस्थेने गाईंची लस, हो). परळची हाफकिन तर प्लेगच्या काळापासूनची. नागपूरला वन हेल्थ (माणूस, जनावरं आणि पर्यावरण यांचं आरोग्य एकत्र बघणं) संस्थेची पायाभरणी २०२२च्या डिसेंबरात झाली.

मुलीचं म्हणाल तर बीव्हीएससी (पशुवैद्यकाची पदवी), मग मायक्रोबायोलॉजी किंवा पॅथॉलॉजीत एमव्हीएससी आणि पीएचडी, मग एएसआरबीची (कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळ) एआरएस, म्हणजे कृषी संशोधन सेवेची परीक्षा. आयसीएमआरकडे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, एनआयव्ही तिचीच) जायचं तर वेगळी वाट आहे, ती त्या बाजूच्या कोणाला तरी विचारा. "मार्क कमी पडले म्हणून व्हेटर्नरी" असं नातेवाईक म्हणतीलच. म्हणू द्या.

पोल्ट्रीवाला कोणी हे वाचत असेल तर त्याच्यासाठी एक. भरपाई सरकारने मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. मरतूक चार दिवस लपवली तर तेवढं तुमच्याच खिशातून जातं. पहिल्या दिवशीच दवाखान्यात कळवा. भोपाळची लॅब कितीही भारी असली तरी पेटीच पोचली नाही तर ती काय तपासणार?

एनआयव्हीवाले वटवाघळं आणि गोचीडही तपासतात, त्यामुळे वरची वाटणी मी लिहिली तितकी सरळ नाही. भोपाळला मी नोकरी केलेली नाही, माझं तिथलं नातं नमुन्यांच्या पेटीपुरतं. आणि सगळे एमबीबीएसवाले माझ्या भावासारखे नसतात. तो हल्ली "वन हेल्थ"वरचे लेख मला फॉरवर्ड करतो, जणू शोध त्यानेच लावलाय.